वर वाकडी, खाली सरळ

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी विहिरीत डोकावायला भ्यायचो, मोठेपणी साहेबाच्या टेबलासमोर उभं राहायला भ्यायचो, आणि बोहल्यावर माझे गुडघे इतके लटपटत होते की मामांनी मागून दंडाला धरून ठेवलं होतं. पण सकाळी डोळे उघडले की आपलं नाव आठवायच्या आधी जी आठवते, तशी भीती मला आयुष्यात एकाच वस्तूनं घातली. चिंचवडजवळ मुंबई रस्त्याच्या कडेला एक गॅरेज होतं, त्यातली दोन खांबांची लिफ्ट.

एकोणीसशे पन्नास ते साठमधली शेवटची वर्षं ती. पिंपरीकडे एकेक कारखाना उभा राहत होता, पण दोन कारखान्यांच्या मध्ये अजून ज्वारी डुलायची आणि गॅरेजच्या मागच्या कुंपणाला शेजारच्या शेतकऱ्याची म्हैस अंग घासायची. मी मूळचा कोकणातला. मुंबईत एका गिरणीच्या वर्कशॉपात दोन वर्षं फिटर होतो, ती नोकरी गेली तेव्हा कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या अलीकडे माणसं घेतायत. कारखान्यात मला कुणी घेतलं नाही. गॅरेजच्या मालकानं घेतलं.

मालक पुण्याचा. अंगानं जाडजूड, आवाजानं त्याहून जाड, आणि स्वतःच्या डोक्यावर भलताच खूश. त्या काळी सगळ्या गॅरेजांत जमिनीत खड्डा असायचा. गाडी खड्ड्यावर आणून उभी करायची आणि मिस्त्रीनं खड्ड्यात उतरून खालून काम करायचं. मालकाला खड्डा मंजूर नव्हता. पावसाळ्यात पाणी भरतं, विंचू निघतात, वगैरे वगैरे. त्यानं लष्करी भंगाराच्या लिलावातून दोन दणकट लोखंडी खांब आणले, स्क्रूसारखे आटे पाडलेले दोन लांबलचक दांडे आणले, आणि स्वतःच्या डोक्यानं लिफ्ट उभी केली. गाडी दोन खांबांच्या मधोमध आणायची. प्रत्येक खांबाला एक लोखंडी पंजा. तो गाडीच्या पोटाखाली, चासीला टेकवायचा. खांबाशी एक हँडल. हँडलचा एक फेरा दिला की पंजा दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर चढायचा. डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक माणूस, दोघांनी बरोबरीनं फिरवत राहायचं. दीडशे फेरे झाले की गाडी जमिनीपासून तीन फूट वर, आणि खाली मिस्त्री मांडी घालून बसलाय. जाणारे-येणारे सायकली थांबवून बघायचे. मालक त्यांना चहा पाजायचा.

डावा खांब माझा. उजवा खांब दादाचा.

दादा म्हणजे माझा कुणी लागत नव्हता. चाकणजवळच्या निघोजे गावचा शेतकरी माणूस, चाळिशीतला, काटक, बोलायला कमी. घरची शेती भावांनी वाटून घेतल्यावर याच्या वाटणीत जे आलं त्यात घर भागेना, म्हणून सायकल मारत रोज गॅरेजवर यायचा. मिस्त्रीकाम कुठे शिकला नव्हता, पण हातात कला होती. बिघडलेल्या इंजिनाला नुसता कान लावून सांगायचा काय झालंय ते. मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला पाव्हणं म्हणायचा. त्याच्या लेखी कोकणातून आलेला माणूस म्हणजे जन्मभराचा पाहुणा.

मालकाचा एक नियम होता. दीडशे फेरे एका दमात द्यायचे नाहीत. दहा फेरे झाले की थांबायचं, दोघांनी ‘झालं’ म्हणून ओरडायचं, मालक खडूनं भिंतीवर एक रेघ मारणार, मग पुढचे दहा. अशा पंधरा रेघा. गाडी मध्ये असल्यामुळे दादा मला दिसायचा नाही, त्याचं नुसतं ऐकू यायचं. पहिल्याच दिवशी गाडीपलीकडून त्याचा आवाज आला, ‘लाभ’, आणि त्याचं हँडल करकरलं. पुढचं मोजणं तो तोंडातल्या तोंडात करायचा. मीही ‘लाभ’ म्हटलं, हँडल ओढलं आणि मनात मोजू लागलो. दादाचं ‘झालं’ नेहमी माझ्या आधी यायचं. मग तो पलीकडून चिडवायचा, “पाव्हणं, जरा हात उचला. हितं समिंदर न्हाई, बुडायचं न्हाई कुनी.” मला आवडायचं ते.

पहिला महिना बरा गेला, कारण पहिल्या महिन्यात मी लिफ्टकडे नीट बघितलंच नव्हतं. मग एके दिवशी मी लांब मोरीवर हात धुवत होतो आणि सहज वळून पाहिलं, तर तीन फूट वर चढलेली ती मोटार मला तिरकी दिसली. माझी बाजू वर, दादाची खाली. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. तिरकीच. बाईनं एका कडेवर मूल घेतलं की तिचा दुसरा खांदा पडतो ना, तशी.

मी मालकाला बोलावलं. त्यानं आधी मला मूर्खात काढलं, मग पाणसळ आणली, मग फूटपट्टी. माझ्या पंजापेक्षा दादाचा पंजा पावणेचार इंच खाली होता.

आता गंमत ऐका. गाडी खाली उतरवली, तशाच दहा-दहा फेऱ्यांनी, आणि चारही चाकं एकदम जमिनीला टेकली. दोन्ही पंजे एका पातळीत. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये. जणू काही झालंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. गाडी वर वाकडी आणि खाली सरळ, हे कसं? खांब खचला असेल तर तो उतरताना परत वर कसा येईल? मालकानं उजव्या खांबाखालची जमीन उकरली. तिकडून ओढा जवळ होता, माती काळी होती, म्हणून त्यानं तिथे काँक्रीट ओतलं. चार दिवसांनी गाडी चढवली. वाकडी. ओळंबा सोडून पाहिला, दोन्ही खांब सरळ. दांड्यांचे आटे मोजले, दोन्हीकडे सारखे. मग मालक म्हणाला गाडीची स्प्रिंग बसली असेल. पण एक काय, सगळ्याच गाड्यांची स्प्रिंग उजवीकडेच बसेल? जीप चढवली, वाकडी. एका डॉक्टरांची छोटी मोटार चढवली, ती तर हलकी, तीही वाकडी. जितकी वर न्यावी तितकी जास्त वाकडी.

एकदा मालकाच्या डोक्यात आलं की वर गेल्यावर दादानं नुसते जास्तीचे फेरे द्यावेत आणि सरळ करून घ्यावी. दादानं पंधरा फेरे वाढवले, गाडी मस्त सरळ झाली. मालकानं माझ्या पाठीवर थाप मारली. आणि संध्याकाळी उतरवताना माझी बाजू जमिनीला टेकली तेव्हा दादाची बाजू अजून पावणेचार इंच वर होती. गाडी माझ्या अंगावर झुकली, पंजावरून चासी सरकल्याचा आवाज झाला, आणि मी हँडल सोडून रस्त्यापर्यंत पळालो. खोटं कशाला बोलू, पळालोच. पलीकडच्या बाजूनं दादानं एकट्यानं उरलेले फेरे देऊन ती खाली घेतली. मालकानं त्यानंतर सरळ करण्याचं नाव काढलं नाही. म्हणाला, “वाकडी तर वाकडी. खाली येते ना नीट? मग झालं.” आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणून दादाच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली, त्यांचे एकावर एक थर रचून ठेवायला लावले. सरकलीच तर त्यावर बसेल.

सरकलीच तर, हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. रात्री बायको जेवायला वाढायची आणि मी ताटाकडे बघत बसायचो. ताट एका बाजूनं खाली वाटायचं. मी हातानं ते सरळ करायचो. ती म्हणायची, अहो, काय झालंय तुम्हाला. काय सांगणार? गाडी वाकडी होते म्हणून जेवण जात नाही, असं कुठल्या नवऱ्यानं बायकोला सांगितलंय?

गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणून माझं नाव, तेव्हा गाडी वर चढल्यावर खाली जाऊन काम करणं माझं. दादाचं काम मदतीचं. पण गाडी वाकडी व्हायला लागली तशी माझी खाली जायची छाती होईना. कधी म्हणायचो पाना शोधतोय, कधी म्हणायचो लघवीला जाऊन येतो. एकदा तर खोटा खोकला काढला. दादानं एक-दोन दिवस पाहिलं. मग तिसऱ्या दिवशी माझ्या हातातला पाना काढून घेत म्हणाला, “व्हा बाजूला, पाव्हणं. म्या जातो.” आणि सरपटत खाली गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. मग ते ठरूनच गेलं. मी वरून पाने द्यायचे आणि सांगायचं, त्यानं खाली बसून करायचं. मला इतकं सुटल्यासारखं झालं की त्या संध्याकाळी मी बायकोसाठी पेढे घेऊन गेलो. दादाला भीती कशी ती माहीतच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. काही काही माणसं असतातच तशी.

मालकाचा संशय मात्र हळूहळू दादावर जाऊन बसला. लोखंडात खोट सापडत नाही म्हटल्यावर माणसातच असणार. “तुझंच ‘झालं’ नेहमी आधी येतं,” तो म्हणायचा. “तू फेरे खातोस. दहाचे नऊ करतोस. आळशी लेकाचा.” दादा मान खाली घालून ऐकायचा. एकदा म्हणाला, “आसंल मालक. माजंच कायतरी चुकत आसंल.” मी तिथेच उभा होतो. मला वाटलं, असेलही. शाळेत गेलेला नाही, मोजताना एखादा आकडा गाळत असेल. असं वाटलं, आणि आतून बरंही वाटलं. कारण सापडलं की भीती थोडी कमी होते.

तो दिवस दिवाळीनंतरचा. दुपारी दोन-अडीच वाजले असतील. मुंबई-पुणे चालणारी एक मोठी टॅक्सी आली होती, जुनी, रुंद, अंगानं मालकासारखी. गिअरबॉक्स खाली घ्यायची होती. टॅक्सीवाला रस्त्यापलीकडे चहाला गेला. आम्ही पंधरा रेघा पूर्ण केल्या. गाडी चढली आणि नेहमीसारखी दादाच्या बाजूला झुकली. दादा खाली गेला.

एक नट अडकून बसला होता. दादानं पान्याला पाइप लावला, उजवा हात आधाराला स्लीपरच्या थरावर टेकवला आणि डाव्या हातानं जोर लावला. मी वाकून बघत होतो. म्हणालो, दादा, जरा बेतानं. तो म्हणाला, “सुटतोय, सुटतोय.” नट सुटला. त्या हिसक्यानं गाडी त्याच्या बाजूच्या पंजावरून सरकली. फार नाही, चार बोटं. पण तेवढ्यानं तिचं पोट त्या स्लीपरच्या थरावर येऊन बसलं, आणि मध्ये दादाचा हात होता.

तो ओरडला नाही. मी वाट बघत होतो ओरडण्याची, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. खालून त्याचा शांत आवाज आला, “पाव्हणं, आडाकलो म्या.”

अंगातलं बळ खरोखर कुणीतरी नळ सोडून वाहून न्यावं तसं गेलं. मालक धावत आला, उजव्या खांबाचं हँडल धरलं आणि एकट्यानंच फिरवू लागला, तोच खालून दादा म्हणाला, “मालक, येका बाजूनं नगं. समदी गाडी पाव्हण्याच्या अंगाला जाईल आन् मंग माज्यावर यील. दोगांनी बरुबर चढवा.”

मालकाचं थोबाड पांढरंफटक पडलं होतं. “मोजू कसं?” तो म्हणाला. आजवर त्यानं नुसत्या रेघाच मारल्या होत्या.

“म्या मोजतो,” दादा म्हणाला. “येका आकड्याला येक फेरा. म्या बोललो की फिरवायचं, न्हाई बोललो की थांबायचं.”

मी माझ्या खांबाशी गेलो. हँडल धरलं. घामानं हात निसटत होते, सदऱ्याला पुसले. गाडीच्या पोटातून काहीतरी टिकटिक वाजत होतं, तेल ठिबकत असावं. मला वाटलं आपल्या हातून आता माणूस मरणार.

“लाभ,” दादा म्हणाला.

मी एक फेरा दिला. पलीकडे मालकानं एक दिला. गाडी कुरकुरली आणि पाव इंच उठली.

“दोन,” दादा म्हणाला.

माझा हात थांबला. मी ‘एक’ची वाट बघत होतो. मालकानं फेरा दिला, माझा राहिला, आणि गाडी माझ्याकडे कलंडू लागली. वरती कुठेतरी पत्रा वाकल्याचा आवाज झाला. “पाव्हणं!” खालून दादा म्हणाला, आणि त्या एका शब्दात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भीती होती. मी फेरा दिला. गाडी सावरली.

“तीन.”

“चार.”

पाचाला त्याचा हात मोकळा झाला असावा, कारण पुढचा आकडा आला नाही. आम्ही दोघं हँडल धरून उभे. खालून काहीच येईना. मालक म्हणाला, “अरे बोल की.” दादा बोलला नाही. त्याला घेरी आली होती.

मालकाला त्याचं हँडल सोडायची सोय नव्हती. त्याच्या बाजूचा पंजा जेमतेम काठावर होता. माझा पंजा पुरता बसलेला होता. म्हणजे जायचं होतं ते मलाच. गेले कित्येक महिने ज्या लिफ्टखाली मी गेलो नव्हतो तिच्याखाली मी पोटावर सरपटत गेलो. काय काय म्हणत गेलो देव जाणे. डोक्यावर ते काळं लोखंड, एक बाजू खाली. दादाचे डोळे अर्धवट उघडे, हाताचं मी इथे वर्णन करत नाही. त्याच्या काखेत हात घातले आणि मागे मागे सरकत त्याला उजेडात ओढलं. टॅक्सीवाला चहाचा कप हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता, तो कप त्याच्या हातातून पडला ते मला आठवतंय.

पुण्याकडे जाणारी एक भाजीचा ट्रक थांबवून दादाला नेलं. मालक बरोबर गेला. मी एकटा त्या लिफ्टपाशी राहिलो, आणि तिथे जमिनीवर बसल्या बसल्या मला सगळं कळलं.

आमच्या कोकणातल्या घरी भात मोजताना पहिलं माप देवाचं म्हणून बाजूला काढत. आजोबा देवाचं नाव घेऊन ते ओतत, आणि मग दुसऱ्या मापापासून एक, दोन, तीन. देवाचं माप मोजत नसत. पहिल्या दिवशी दादाचं ‘लाभ’ ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा पहिला फेरा देवाचा. म्हणून मी ‘लाभ’ म्हणत एक फेरा द्यायचो आणि त्यानंतर एकपासून दहा मोजायचो. अकरा फेरे. आणि दादाच्या गावी खळ्यावर धान्य मोजताना एकाला एक म्हणतच नसणार, हे त्याच्या त्या ‘दोन’वरून आत्ता उमगलं. पहिलं माप लाभ, दुसरं दोन. त्याचे फेरे दहाच, चोख दहा. दर रेघेला माझा एक जास्त. पंधरा रेघांना पंधरा फेरे, पंधरा पाव इंच, पावणेचार. उतरवतानाही मी तसंच मोजायचो, दर दहाला एक जास्त, म्हणून खाली आलं की हिशेब आपोआप फिटायचा आणि गाडी सरळ टेकायची. त्याचं ‘झालं’ माझ्या आधी यायचं, कारण मी एक फेरा जास्त देत असायचो. आळशी कुणी नव्हतं. चूक माझी होती, रोजची, मनापासून केलेली, देवाचं नाव घेऊन.

दादाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मालक परत आला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला असेल? “तरी सांगत होतो मी त्याला, नीट मोजत जा.” मी तोंड उघडलं, आणि मिटलं. तेव्हाची भीती गाडीखालच्या भीतीपेक्षा वेगळी होती. गाडीखाली निदान छाती धडधडते. ही आत बसून राहते आणि गप्प राहायला सांगते. मालक कामावरून काढेल, बायकोला घेऊन कुठे जाऊ, दादाचे भाऊबंद मला धरून मारतील, पोलीस येतील. अकरा दिवस मी असाच होतो. लिफ्ट बंद होती, आम्ही गाड्यांची कामं जॅकवर करत होतो, आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला दादाच्या चुकीची गोष्ट सांगत होता. दर वेळी ती थोडी वाढायची.

बाराव्या दिवशी रविवार होता. मी सायकल काढली. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीच्या पुलावरून पलीकडे. पुलावर थांबलो आणि अर्धा तास नदीकडे बघत बसलो. परत फिरायचा विचार दोनदा केला. निघोज्यात पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं.

दादा घरासमोर बाजेवर बसला होता. हाताला पट्टी, चेहरा उतरलेला. मला बघून घाईनं उठायला लागला. “या की पाव्हणं. च्या टाक गं,” त्यानं आत हाक दिली. वहिनींनी दारातून मला बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेल्या. मी बाजेवर बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. देवाचा फेरा, अकरा, पंधरा रेघा, पावणेचार इंच. मध्ये कुठेही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं.

“म्हंजी म्या दहाच द्येत हुतो?” त्यानं विचारलं.

“दहाच, दादा. एकदाही चुकला नाहीत.”

“येकदाबी न्हाई?”

“नाही.”

मला वाटलं आता उठेल आणि मारेल. खरं तर मारावं असं वाटत होतं. पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पट्टी बांधलेल्या हातानं पुसायला गेला तसा कळवळला.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “मला रोज घरला आल्यावर वाटायचं, आपलंच चुकतंय. हिला बसवून म्या मोजून दाखवायचो, लाभ, दोन, तीन. ती म्हनायची बरुबर हाय. तरीबी वाटायचं, तितं ग्येल्यावर चुकत आसंल. म्हनून मंग खाली म्या जायला लागलो. गाडी वाकडी आपल्या हातानं झाल्याली. तिच्याखाली दुसऱ्याला कसा घालू? पडली तर आपल्यावरच पडू दे.”

तो शूर होता असं मी समजत होतो. तो माझ्याइतकाच भीत होता, रोज, आणि तरी माझ्या चुकीखाली जाऊन बसत होता, ती स्वतःची समजून.

“आणि मी बाजूला राहायचो,” मी म्हणालो. “भीतीनं.”

“ठाव हाय की,” दादा म्हणाला. “खोकला काय आसा आस्तो व्हय?”

वहिनी चहा घेऊन आल्या. दादानं डाव्या हातानं कप घेतला, मला बाजेवर जागा करून दिली आणि म्हणाला, “उद्या मालकाला सांगा. म्या न्हाई सांगणार.” मी हो म्हटलं. चहा गरम होता, थोडा बशीत सांडला, आणि तोही मी पिऊन टाकला.